लेचुगिया गुहा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात कार्ल्सबॅड कॅव्हर्न्स राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या उजाड डोंगरांखाली लेचुगिया ही गुहा पसरली आहे. आजवर मोजलेली तिची लांबी २४० किलोमीटरहून अधिक आणि खोली सुमारे ४८९ मीटर. पर्यटकांना तिथे प्रवेश नाही. पण गुहांविषयी आपण जे गृहीत धरतो, त्यातलं बरंच काही या एका गुहेने खोटं ठरवलं आहे.

गैरसमज : जमिनीवर शोधण्यासारखं मोठं काही उरलेलं नाही.
वस्तुस्थिती : १९८६ पर्यंत लेचुगिया म्हणजे एक किरकोळ खड्डा समजला जाई. १९१४ च्या सुमारास तिथली वटवाघळांची विष्ठा खतासाठी काढली गेली, नंतर कोणी फारसं फिरकलं नाही. १९५० च्या दशकात मात्र खड्ड्याच्या तळाशी, दगडमातीच्या ढिगाखालून वारा घोंघावताना ऐकू आला. बाहेरच्या हवेचा दाब बदलला की मोठ्या पोकळीतली हवा अरुंद तोंडातून जोराने आत-बाहेर करते. म्हणजे खाली जागा प्रचंड असणार. कोलोरॅडोच्या गुहा-शोधकांनी १९८४ मध्ये उद्यानाची परवानगी मिळवून उपसा सुरू केला आणि २६ मे १९८६ रोजी वाट मोकळी झाली. नकाशाचं काम अजूनही पुरं झालेलं नाही.

गैरसमज : चुनखडीतल्या सगळ्या गुहा वरून मुरणाऱ्या पावसाच्या पाण्याने कोरल्या जातात.
वस्तुस्थिती : बहुतेक गुहांच्या बाबतीत हे खरं आहे. पावसाचं पाणी कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवतं. लेचुगियाला मात्र खालून वर आलेल्या आम्लाने घडवलं. जवळच्या खोऱ्यातल्या खनिज तेलाच्या साठ्यांतून हायड्रोजन सल्फाइड वायू वर चढला, प्राणवायू असलेल्या भूजलात मिसळला आणि त्याचं सल्फ्युरिक आम्ल झालं. त्या आम्लाने खडक विरघळला आणि मागे जिप्समचे ढीग राहिले. जिप्समची सहा मीटरपर्यंत लांबीची झुंबरं आज तिथे लटकलेली आहेत. या प्रक्रियेत तयार झालेल्या अल्युनाइट खनिजाचं वय मोजून हा काळ सुमारे ४० ते ६० लाख वर्षांपूर्वीचा ठरवला गेला. जिप्सममधल्या गंधकाची घडण सांगते, की तो वायूही खोलवरच्या जिवाणूंनीच तयार केला होता.

गैरसमज : सूर्यप्रकाश नाही तिथे जीवन नाही.
वस्तुस्थिती : गुहेच्या काही भिंतींवर लाल, तपकिरी, काळा असा भुसभुशीत थर आहे. त्यात लोह आणि मँगनीजची ऑक्साइडं आहेत आणि त्यात सूक्ष्मजीव राहतात. डायना नॉर्थप, पेनेलोपी बॉस्टन आदी संशोधकांच्या अभ्यासातून दिसतं, की खडकातल्या याच धातूंपासून ते ऊर्जा मिळवतात आणि खडक पोखरायला हातभारही लावतात.

गैरसमज : जिवाणू औषधांना दाद देत नाहीत, ही निव्वळ माणसाची करणी.
वस्तुस्थिती : पाणी सहजी झिरपू न देणारा खडकाचा थर वर असल्याने गुहेचे काही भाग ४० लाखांहून अधिक वर्षं अलग राहिले. हेझल बार्टन, जेरी राइट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ९३ जिवाणूंची तपासणी केली. त्यांचा अहवाल २०१२ मध्ये आला. माणसाच्या औषधांशी कधी संबंध न आलेले काही जिवाणू तब्बल १४ प्रतिजैविकांना पुरून उरले. कारण बहुतेक प्रतिजैविकं मुळात सूक्ष्मजीवच एकमेकांविरुद्ध बनवतात, त्यामुळे बचावाची साधनंही तितकीच जुनी आहेत. हे जिवाणू माणसाला रोग करणारे नाहीत.
पण म्हणून औषधांचा बेसुमार वापर निर्दोष ठरत नाही. प्रत्येक अनावश्यक गोळी प्रतिकारक्षम जंतूंना रान मोकळं करून देते, आणि प्रतिकाराची जनुकं एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतात. निसर्गात विखुरलेली ही क्षमता रोगजंतूंमध्ये फैलावण्याला मुख्यतः आपण जबाबदार आहोत.

गैरसमज : काळजी घेतली की माणसाच्या वावराने गुहेचं काही बिघडत नाही.
वस्तुस्थिती : तिथे जाणारी पथकं आपली विष्ठाही पिशवीत भरून बाहेर आणतात. तरीही पिण्याचं पाणी घेण्यासाठी एका डबक्यात ठेवलेल्या प्लास्टिकच्या नळीवर बाहेरच्या कोलिफॉर्म जिवाणूंनी थर धरला आणि ते तिथे टिकून राहिले. शिवाय धोका माणसालाही आहे. १९९१ मध्ये पाय मोडलेल्या एका गुहा-शोधक महिलेला बाहेर काढायला चार दिवस लागले.

म्हणूनच गुहा फक्त मंजुरी मिळालेल्या मोजक्या पथकांसाठी खुली आहे. ज्यांना भूगर्भाचं वैभव पाहायचं आहे, त्यांच्यासाठी त्याच उद्यानातली कार्ल्सबॅड गुहा आहेच. लेचुगियात आपले जंतू पसरले, तर माणसापूर्वीचे जिवाणू कसे होते हे तिथे कधीच तपासता येणार नाही. तिचं दार बंद ठेवणं हा तिच्या अभ्यासाचाच एक भाग आहे आणि तो काटेकोरपणे पाळलाच पाहिजे.