ओरछा गेटच्या पुढे: ताराग्रामचा कागद

झाशीच्या कोटाला दहा दरवाजे. शिवराव भाऊ नेवाळकरांच्या काळात हा कोट उभा राहिला आणि त्यातल्या ओरछा गेटचं नाव १८५८ च्या वेढ्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचलं. तो वेढा डोळ्यांनी पाहून लिहून ठेवणारे वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे आले होते ते घरच्या कर्जापायी, चार पैसे गाठीला लागतील या आशेने. आज बुंदेलखंडातली माणसं त्याच विवंचनेत बिऱ्हाड उचलून दिल्लीच्या नाहीतर आपल्याकडच्या बांधकामांवर जातात. त्यांना गावाजवळ काम मिळावं म्हणून काय चाललंय ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं आणि मी ओरछ्याच्या रस्त्याला लागलो.

ताराग्राम हे दिल्लीच्या ‘डेव्हलपमेंट ऑल्टरनेटिव्हज’ या संस्थेचं ओरछ्यातलं केंद्र. डॉ. अशोक खोसला यांनी १९८० च्या दशकात संस्था काढली. हे केंद्र नव्वदच्या दशकातलं. दाबून केलेल्या मातीच्या विटा, सिमेंटची कौलं, हातकागद असे छोटे धंदे इथे प्रत्यक्ष चालवून दाखवायचे आणि शिकलेल्याने ते आपल्या गावी थाटायचे, अशी मूळ कल्पना. २००८ पासून ‘रेडिओ बुंदेलखंड’ही इथूनच बोलतो. गाण्यांच्या ‘बुंदेली आयडॉल’सारखी नवउद्योजकांची स्पर्धाही या मंडळींनी घेतली.

माझा पाय अडकला तो कागदाच्या शेडमध्ये. बनियन, टीशर्टच्या कारखान्यांतली सुती कात्रणं हा इथला कच्चा माल. ती निवडताना इलास्टिक किंवा पॉलिस्टरचा धागा नजरेतून सुटला तर तयार कागदावर तो उठून दिसतो. चिरलेल्या चिंध्या मग बीटरमध्ये पडतात. लांबट गोल हौद, मधोमध पडदी, एका अंगाला पात्यांचा जड रूळ आणि त्याच्याखाली तशाच पात्यांची बैठक. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये निघालेलं हे यंत्र फारसं बदललेलं नाही. रूळ फिरू लागला की लगदा पडदीभोवती फेऱ्या घेतो आणि प्रत्येक फेरीत पात्यांखालून रगडला जातो. रूळ घाईने खाली आणला तर तंतू आखूड तुटतात आणि कागद लेचापेचा होतो. वरच राहू दिला तर गुठळ्या राहतात. म्हणून तो हळूहळू उतरवायचा, तासन्‌तास. लगदा झाला की नाही हे पाहायला त्यातला चमचाभर काचेच्या भांड्यात पाण्यात ढवळायचा आणि उजेडात धरायचा. गाठ दिसली की आणखी फेऱ्या. हा अंदाज पुस्तकातून येत नाही.

पुढे हौदावरची ताई जाळीचा साचा पाण्यात तिरका घालते, आडवा करून उचलते आणि एक हलका हिसका देते. त्या हिसक्यात तंतू सगळीकडे सारखे बसतात. ओला ताव कापडावर उलटतो, प्रेसखाली पाणी सोडतो, दोरीवर वाळतो आणि कॅलेंडरिंग यंत्राच्या रुळांतून गुळगुळीत होऊन निघतो. इथे काम शिकलेल्यांत सहरिया आदिवासी बायका आहेत. मजुरीशिवाय दुसरी वाट न दिसलेल्या घरांत त्यांनी महिन्याचा पगार नेला. विजेचा भरवसा नव्हता तेव्हा तळ्याकाठी माजणारं, जनावरं तोंड लावत नाहीत ते बेशरमचं झुडूप तोडून, वाळवून, कमी हवेत जाळून त्याच्या गॅसवर इथे इंजिन चालवलं गेलं. त्या तोडणी-वाळवणीचीही मजुरी गावातच राहिली. मला याचं मनापासून कौतुक वाटतं.

काळजी वाटते ती कागद तयार झाल्यानंतरची. गिरणीच्या कागदाशी हातकागद भावात टिकत नाही. तो भेटकार्डं, डायऱ्या, पिशव्या यांवर जगतो आणि ही मागणी सणासुदीला एकवटते. पावसाळ्यात ताव वाळत नाहीत, म्हणजे दिवाळीचा माल काढायचा नेमका त्याच दिवसांत हात आखडतो. पुण्यात के. बी. जोशींनी गांधीजींच्या प्रेरणेने १९४० मध्ये हातकागद संस्था काढली, तेव्हापासून या धंद्याची खरी परीक्षा गिऱ्हाइकापाशीच होत आली आहे.

कामगार मालक व्हायला निघाला की अडचण वाढते. बीटर, प्रेस, शेड, पाणी यांचा खर्च मुद्रा कर्जयोजनेच्या ‘शिशु’ गटातल्या पन्नास हजारांत भागत नाही. मोठ्या कर्जाला बँक हिशेब मागते, आणि जिच्या नावावर ना जमीन ना जुना व्यवहार, ती काय दाखवणार? त्यात राज्याची हद्द आडवी येते. झाशी उत्तर प्रदेशात. अठरा-वीस किलोमीटरवरचं ओरछा मध्य प्रदेशात, २०१८ मध्ये झालेल्या निवाडी जिल्ह्यात. झाशीला ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत सॉफ्ट टॉईजसाठी मदत आहे. ती ओरछ्याच्या बाईला मिळत नाही, बाजार मात्र तिला झाशीचाच.

प्रशिक्षणाचे वर्ग वाढवणं सोपं आहे; किती जणी शिकल्या हे अहवालात छान दिसतं. पण हात तयार झाल्यावर वर्षभर पुरेल अशी ऑर्डर आणि कामापुरतं भांडवल मिळालं नाही, तर ते कसब घेऊन माणूस पुन्हा गाडीत बसतो. सरकारी कार्यालयांना वह्या, फायली, प्रमाणपत्रं लागतातच. दोन्ही राज्यांनी त्यातला ठरावीक वाटा या भागातल्या हातकागदातून घ्यावा, हद्द न बघता घ्यावा आणि पैसे वेळेवर द्यावेत. एवढी हमी मिळाली तर बँकेपुढे ठेवायला या बायकांच्या हातात काहीतरी असेल.