जुना टोन आणि नवा टोन : विजेच्या गिटारची गोष्ट

आमचा विषय जाहीर झाला त्याच दिवशी या व्याख्यानमालेच्या एका जुन्या श्रोत्यांनी आम्हांस वाटेत गाठले. ते म्हणाले, "अहो, विजेची गिटार हे मुळातच पोरांचे वाद्य. त्यात जुने काय आणि नवे काय? जुने म्हणजे बिघडलेले, एवढेच ना?" प्रश्न थट्टेचा होता. पण त्याच आठवड्यात आमच्या परिचयाचा एक तरुण अगदी उलट गोष्ट घेऊन आला. तो बँकेत नोकरीस आहे, रात्री गिटार वाजवतो. वडिलांनी मागे ठेवलेली मुदत ठेव मोडून अमेरिकेत १९७२ साली तयार झालेली एक गिटार विकत घेण्याचा त्याचा बेत होता. "काका, तो टोन नव्या वाद्यात येतच नाही," असे तो म्हणाला. एकाला जुने म्हणजे मोडीत काढण्याजोगे वाटते, दुसरा त्यासाठी घरची ठेव मोडावयास निघतो. या दोघांच्या मध्ये उभे राहून विचार करावा, म्हणून हा लेख.

प्रथम 'टोन' म्हणजे काय ते पाहू. आपल्या संगीतशास्त्रात नादाची तीन लक्षणे सांगतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. एकच षड्ज बासरीवर, सारंगीवर आणि हार्मोनियमवर वाजविला तर तो वेगवेगळा का ओळखू येतो, याचे उत्तर 'जाती' या तिसऱ्या लक्षणात आहे. मूळ स्वराबरोबर जे उपस्वर उमटतात त्यांचे कमीअधिक प्रमाण म्हणजे नादाची जाती. गिटारवादक ज्याला टोन म्हणतात ते बव्हंशी हेच. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावताना आपण उपस्वरांचीच मशागत करीत असतो. मिरजेच्या कारागिरांचे अर्धे कसब त्या घोडीच्या घासकामात असते. विजेच्या गिटारमध्ये ही मशागत लाकडापेक्षा तांबे, लोहचुंबक आणि काचेच्या नळ्या यांनी केली जाते, एवढाच फरक.

या गिटारचे पोट भरीव असले तरी चालते, कारण पोकळ पेटीकडून आवाज मोठा करून घ्यावयाचा नसतो. पोलादी तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि फॅरडेच्या नियमानुसार वेढ्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वाढवून स्पीकरमधून बाहेर काढला की झाली गिटार. जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी कॅलिफोर्नियात अशी पहिली यशस्वी गिटार १९३२ साली विक्रीस आणली. ती मांडीवर घेऊन वाजवावयाची हवाईयन पद्धतीची होती आणि तिच्या आकारामुळे लोक तिला तळण्याचा तवा म्हणत. पुढे फुलरटन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५० साली भरीव लाकडाची गिटार काढली, १९५४ साली स्ट्रॅटोकॅस्टर काढली. या गृहस्थांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे, ही गोष्ट आम्हांला फार आवडते. तिकडे मिशिगनमधील कॅलमझू येथे गिब्सन कंपनीने १९५२ साली 'लेस पॉल' काढली आणि १९५७ साली तिच्यावर सेथ लव्हर या अभियंत्यांनी शोधलेला दुहेरी वेटोळ्यांचा पिकअप बसविला. वेटोळी दोन, परस्परांच्या उलट. त्यामुळे विजेच्या दिव्यांची व ट्रान्सफॉर्मरची घरघर एकमेकांत विरून जाते आणि तारेचा आवाज मात्र शिल्लक राहतो.

आता ज्याला आज 'जुना टोन' म्हणून पूजतात तो येथेच जन्मला. लव्हर यांच्या पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशा अर्थाची चिठ्ठी चिकटवीत. ती चिठ्ठी असलेल्या पिकअपला आज सोन्याचा भाव आहे आणि १९५८ ते १९६० या काळातल्या लेस पॉल गिटारी लक्षावधी डॉलरांच्या हिशेबात विकल्या जातात. त्यांत काय आहे? तपासून पाहिले तर गंमत दिसते. त्या वेळी वेढे मोजून आपोआप थांबणारी यंत्रे नव्हती. कामगाराच्या अंदाजावर वेटोळे भरले की काम झाले. एकात पाच हजार वेढे, दुसऱ्यात काही शे अधिक, असा प्रकार. चुंबकही हाताला लागतील त्या मिश्रणाचे. त्यामुळे दोन वेटोळी अगदी सारखी क्वचितच होत आणि त्या विषमतेने उपस्वरांचा थोडा अधिक भाग वाचून वरच्या सुरांना धार येई. म्हणजे ज्या गुणासाठी लोक आज मरतात, तो कारखान्याच्या दृष्टीने ढिलाईचा परिणाम होता! पुढे यंत्रे सुधारली, वेटोळी एकसारखी झाली, आणि मग नव्या कारागिरांनी मुद्दाम विषम वेढे घालण्यास आरंभ केला. आज असे पिकअप नवे मिळतात आणि चांगले मिळतात.

याहून बोलके उदाहरण पीटर ग्रीन या इंग्रज वादकाचे. त्याच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये एका पिकअपचा चुंबक उलटा बसला होता. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की त्यांचे आवाज एकमेकांना अंशतः खोडीत आणि एक अनुनासिक, विलाप करणारा सूर निघे. ती गिटार पुढे गॅरी मूर याच्याकडे आणि २०१४ साली 'मेटॅलिका'च्या कर्क हॅमेट याच्याकडे गेली. उलटा बसलेला चुंबक हे कोणत्याही गिटारदुरुस्तीवाल्याला एका दुपारी करता येण्यासारखे काम आहे. त्यासाठी पन्नास-साठ वर्षे थांबण्याची आवश्यकता नाही.

वाचक म्हणतील, मग लाकडाचे काय? लाकूड जुने होते, सुकते, हलके होते. पोकळ पेटीच्या गिटारमध्ये किंवा व्हायोलिनमध्ये याला निश्चित महत्त्व आहे. भरीव गिटारमध्येही तार किती वेळ घुमत राहील यावर लाकडाचा व जोडणीचा परिणाम होतो. परंतु पिकअप पाहतो ती पोलादी तार. लाकूड तो ऐकत नाही. जोडणीची घट्टता, तारांची जाडी, बोटांचा दाब यांच्यापुढे लाकडाच्या वयाचा वाटा आमच्या मते लहान आहे. या मतावर भांडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत आमचे काही स्नेहीही आहेत. असो.

येथे एक गोष्ट विसरली जाते. एरिक क्लॅप्टन याने १९६६ साली जॉन मेयॉल यांच्या वाद्यवृंदाबरोबर जी ध्वनिमुद्रिका केली, तिच्यातल्या लेस पॉल आणि मार्शल अ‍ॅम्प्लिफायर या जोडीच्या आवाजाने पुढच्या दोन पिढ्या वेड्या झाल्या. त्या वेळी ती गिटार किती वर्षांची होती? सहा-सात. अ‍ॅम्प्लिफायर तर जवळजवळ कोरा. जिमी हेंड्रिक्स वाजवी त्या स्ट्रॅटोकॅस्टर बहुतेक दुकानातून आणलेल्या ताज्या असत. ज्या आवाजाला आपण जुना म्हणतो तो नव्या वाद्यांतून निघालेला आहे! जुनी झाली आहे ती ध्वनिमुद्रिका.

गिटारपेक्षा अ‍ॅम्प्लिफायरचा प्रश्न अधिक खोल आहे. ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना आठवत असेल की बटण फिरविल्यावर तो तापेपर्यंत थांबावे लागे. त्याच काचेच्या नळ्या येथे आहेत. लंडनजवळ हॅनवेल येथे वाद्यांचे दुकान चालविणारे ड्रमवादक जिम मार्शल यांनी १९६२ साली आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर काढला, तो फेंडरच्या 'बेसमन'ची मांडणी पुढे ठेवून आणि इंग्लंडात मिळतील ते भाग घालून. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा अधिक काम दिले की लहरींचे माथे तो हळूहळू गोल करीत नेतो. साधा ट्रान्झिस्टर मर्यादा आली की माथा कापूनच टाकतो. गोल केलेल्या माथ्यातून निघणारे उपस्वर कानास भरदार लागतात, कापलेल्यातून निघणारे कर्कश. शिवाय जोराने झणकारले की काही जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांत विजेचा दाब क्षणभर खाली बसतो व मग सावरतो. गवई श्वास घेऊन स्वर फुलवितो तसा आवाज दबून वर येतो. एडी व्हॅन हॅलन याने तर दाब कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर लावून आपला मार्शल नव्वद व्होल्टच्या आसपास चालविला.

म्हणून जुना अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा काय? आम्ही एकदा घेतला. विकणाऱ्याने "एकही भाग बदललेला नाही" असे छातीवर हात ठेवून सांगितले आणि ते शब्दशः खरे निघाले. आतले विद्युत्-रासायनिक कंडेन्सर वीस-तीस वर्षांत सुकतात. हे पन्नास वर्षांचे होते. कार्बनच्या रोधकांची किंमत वाढत वाढत भलतीकडे गेली होती. घरी आणून चालू केला तर गिटारपेक्षा घरघर मोठी. दुरुस्त करणाऱ्याने झाकण काढले आणि हात आत घालण्यापूर्वी आम्हांला मागे लोटले, कारण अशा यंत्रात चारशे व्होल्ट आणि त्याहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये दबा धरून बसतो. वाचकांपैकी कोणी हौसेने असे झाकण उघडणार असेल तर त्याने ते जाणत्या माणसाकरवीच उघडावे. कंडेन्सर नवे बसले, काही रोधक बदलले, व्हॉल्व्ह रशियात बनलेले घातले. आवाज सुंदर झाला. आता हा अ‍ॅम्प्लिफायर जुना म्हणावा की नवा?

व्हॉल्व्हची कथाही चिंतेची आहे. अमेरिका आणि पश्चिम युरोपातले बहुतेक कारखाने विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद पडले. आज गिटारवादकांची गरज मुख्यतः रशियातील सारातोव्ह, स्लोव्हाकियातील चाडचा आणि चीन येथील उत्पादनावर भागते. २०२२ साली युद्धानंतर रशियाने निर्यात रोखली तेव्हा काही काळ पुरवठा अडखळला, भाव चढले, आणि किती थोड्या हातांत ही विद्या उरली आहे ते सर्वांस कळले.

दुसऱ्या बाजूस संगणक उभा आहे. १९९८ साली 'लाइन सिक्स' कंपनीने 'पॉड' नावाचे लहानसे यंत्र काढले. त्यात प्रसिद्ध अ‍ॅम्प्लिफायरांच्या वागण्याची गणिती नक्कल होती. तेव्हाची नक्कल ऐकून लोक हसत. आज हसत नाहीत. आता यंत्राला अस्सल अ‍ॅम्प्लिफायर जोडून ठरावीक ध्वनी त्यातून पाठविता येतात आणि त्याचा स्वभाव टिपून घेता येतो. हातात मावणाऱ्या पेटीत असे शेकडो अ‍ॅम्प्लिफायर सामावतात, आणि शेजाऱ्यांची झोप न मोडता कानाला हेडफोन लावून ते वाजविता येतात. चाळीत वाढलेल्या कोणासही या सोयीची किंमत सांगावयास नको.

आम्ही मित्रमंडळींनी एकदा चादर आडवी बांधून परीक्षा घेतली. चादरीमागे आमचा तो जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि एक आधुनिक यंत्र, दोन्ही एकाच स्पीकरला आळीपाळीने जोडलेली. पहिल्या फेरीत आम्ही सर्वांनी एकमुखाने एकाला कौल दिला आणि तो जुनाच निघाला. आम्ही फुशारलो. तेवढ्यात एकाने शंका काढली की जुन्याचा आवाज किंचित मोठा आहे. मोजला, आणि तसेच निघाले. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी अधिक चांगला वाटतो. हा कानाचा धर्म आहे. दोन्ही सारखे करून पुन्हा ऐकले तेव्हा आमची उत्तरे नाणे उडविल्यासारखी पडली. व्हायोलिनच्या बाबतीत हेच शास्त्रीय पद्धतीने झालेले आहे. क्लोडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियानापोलिस येथे वादकांच्या डोळ्यांवर पडदा ठेवून स्ट्रॅडिव्हेरियस व नवी व्हायोलिने वाजवावयास दिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत सर्वांत कमी पसंती मिळालेले वाद्य एक स्ट्रॅडिव्हेरियसच होते.

पण आमच्या परीक्षेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. जो वाजवीत होता त्याला मात्र प्रत्येक वेळी बरोबर ओळखता आले. "बोटांना कळते," तो म्हणाला. जोर वाढविला की जुना दबतो आणि उठतो, ते त्याच्या हाताला जाणवत होते. श्रोत्यास न कळणारा फरक वादकाला कळत असेल आणि त्यामुळे तो अधिक रंगून वाजवीत असेल, तर तो फरक खोटा म्हणता येईल काय? आम्हांस तसे म्हणवत नाही.

आता त्या तरुणाकडे वळू. आम्ही त्याला सांगितले ते असे. आधी स्पीकर बदलून पाहा; गिटारचा स्पीकर पाच हजार कंपनांच्या वरचे बहुतेक गाळून टाकतो आणि टोनचा मोठा वाटा तेथेच ठरतो. मग केबल पाहा. लांब केबलने वरचे सूर मऊ होतात, हेंड्रिक्सची ती गुंडाळीची केबल असाच मऊपणा आणी. यांना हजारांत खर्च येतो, लाखांत नव्हे. शिवाय १९६५ साली फेंडर कंपनी सी. बी. एस. ने विकत घेतल्यानंतरच्या, विशेषतः सत्तरच्या दशकातल्या गिटारींना तेव्हाचेच वादक नावे ठेवीत. केवळ वर्षे उलटल्याने त्या दुर्मिळ ठरल्या आहेत. त्याने सर्व शांतपणे ऐकून घेतले.

महिन्याने तो गिटार घेऊनच दारात उभा राहिला. ठेव मोडली होती. आईने काय म्हटले ते त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. त्याच्या परवानगीने आम्ही पिकअप काढून पाहिले तेव्हा मधले वेटोळे केव्हातरी कोणीतरी नव्या तारेने पुन्हा भरलेले आढळले. डागही ताजा, चकचकीत होता. विकणाऱ्याने हे सांगितले नव्हते. आम्ही ते त्याला दाखविले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग पिकअप जागेवर बसवून त्याने आमच्या त्या दुरुस्त केलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला केबल जोडली आणि नेमके तेच मधले पिकअप निवडून वाजवावयास बसला. संध्याकाळ झाली तरी तो उठला नाही, आणि आम्हीही त्याला ऊठ म्हणालो नाही.