खासगी विकी : दार कोणासाठी उघडे ठेवावे?

यवतमाळ शहरालगतच्या लोहारा येथे एखादे सेवामंडळ शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबांना साहाय्य करीत आहे, असे क्षणभर समजू या. कोणत्या विधवा भगिनीला किती रक्कम दिली, कोणाच्या डोक्यावर सावकाराचे किती कर्ज आहे, ह्या नोंदी सर्व कार्यकर्त्यांना मिळून ठेवता याव्यात म्हणून मंडळाने संगणकावर विकी सुरू केली. सोय उत्तम झाली. परंतु ह्याच नोंदी चव्हाट्यावर आल्या, तर त्या भगिनीच्या पदरी साहाय्याऐवजी मानहानी पडेल.

विकीचा मूळ स्वभाव खुलेपणाचा आहे. वॉर्ड कनिंगहॅम ह्यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली, ती कोणालाही लिहिता यावे ह्याच हेतूने. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिचाही पिंड तोच. वेगळी सूचना न दिल्यास तिथे कोणालाही वाचता, लिहिता आणि खाते उघडता येते. म्हणून खासगी विकीत अनामिक पाहुण्यांचे हे तिन्ही अधिकार काढून घ्यावे लागतात. केवळ वाचन बंद केले आणि खाते उघडण्याची मुभा तशीच ठेवली, तर परका मनुष्य खाते उघडून निवांत आत येतो. नवी खाती प्रचालकानेच उघडून द्यावीत, हे इष्ट.

दुसरे दार बहुधा विसरले जाते. पाने बंद केली तरी चढवलेली छायाचित्रे व कागदपत्रे थेट पत्ता ठाऊक असलेल्यास दिसू शकतात; त्यांच्यासाठी सर्व्हरवर स्वतंत्र बंदोबस्त करावा लागतो. शिवाय पानावरून खोडलेला मजकूर त्याच्या इतिहासात शिल्लक राहतो.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एक पान अमक्याला दिसावे, तमक्याला दिसू नये, अशा विभागणीसाठी मीडियाविकी घडवलेलीच नाही. अशी गरज असल्यास प्रत्येक पानाचे वेगळे अधिकार ठरवू देणारी डोकुविकीसारखी प्रणाली निवडावी, किंवा अतिनाजूक नोंदी विकीवर ठेवूच नयेत.

ख्रिस्तसभेला हा विचार नवा नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील ४८७ व्या नियमानुसार धर्मप्रांताच्या दप्तरखान्याची किल्ली केवळ बिशप व चान्सलर ह्यांच्यापाशी असते. मात्र स्वतःच्या स्थितीविषयीच्या सार्वजनिक स्वरूपाच्या दस्तऐवजाची अधिकृत प्रत मिळण्याचा हक्क संबंधित व्यक्तीला आहे. परक्याला दार बंद, आणि जिची नोंद आहे तिला तिचा हक्क, हे दुहेरी तत्त्व विकीलाही लागू पडते.

तेव्हा सर्वांनी मिळून एकच पासवर्ड वापरू नये. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. कार्यकर्ता पदमुक्त होताच त्याचा प्रवेश थांबवावा. अखेरीस खात्यातून बाहेर पडून, परक्याच्या नजरेने आपली विकी एकदा उघडून पाहावी. काही दिसले, तर दार अजून उघडेच आहे असे समजावे. ज्या भगिनीने विश्वासाने आपले दुःख सांगितले, तिच्यासाठी एवढी दक्षता घेणे हे आम्ही कर्तव्यच मानतो.