जुनी एसयूव्ही घेताय? आधी स्टिअरिंग तपासा

महामार्गाच्या वेगात स्टिअरिंगचा छोटा दोषही जिवावर बेतू शकतो.

• सैलपणा : इंजिन चालू, चाकं सरळ ठेवून स्टिअरिंग हलवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार मोकळी हालचाल ३० अंशांहून जास्त नसावी.
• खडखड : खड्ड्यात आवाज आला, तर टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट तपासून घ्या.
• जडपणा : हायड्रॉलिक असेल तर ऑइल, गळती, पट्टा पाहा, इलेक्ट्रिक असेल तर डॅशबोर्डवरचा इशारा-दिवा.
• एका बाजूला ओढ : आधी टायरमधली हवा, मग अलाइनमेंट.
• वेगात थरथर : व्हील बॅलन्सिंग करा.

सांधे सैल असतील, तर दुरुस्तीआधी घरच्यांना त्या गाडीत बसवू नका.