चंबळेची वाळू आणि सुसर

ग्वाल्हेरहून आग्ऱ्याच्या वाटेने निघाले म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटरांवर मुरैना लागते. तेथून पुढे जमीन एकाएकी फाटल्यासारखी दिसू लागते. मातीचे सुळके, खोल घळी आणि त्यांत उगवलेली काटेरी झुडपे असा हा प्रदेश आहे. त्याला तिकडे बेहड म्हणतात. बेहडांचे नाव आपण ऐकतो ते बहुधा दरोडेखोरांच्या कथांतून. परंतु या घळींच्या पायथ्याशी जी नदी वाहते, तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते.

चंबळ आपल्याला परकी नाही. तिचा उगम महूजवळच्या जानापाव डोंगरावर, म्हणजे इंदूरकरांच्या अंगणातच होतो आणि पुढे ग्वाल्हेरच्या उत्तरेकडून ती यमुनेला मिळायला जाते. पुराणांतरी तिला चर्मण्वती म्हटले आहे. रंतिदेवाच्या यज्ञांतील पशूंच्या चर्मांपासून ती उगम पावली अशी कथा असल्यामुळे गंगा-यमुनांचे पावित्र्य तिच्या वाट्याला आले नाही. तिच्या काठी मोठी तीर्थक्षेत्रे वसली नाहीत. बेहडांमुळे शेती फोफावली नाही आणि दरोडेखोरांच्या भयाने कारखानेही दूर राहिले. माणसाने जिला टाकले, तिचे पाणी त्यामुळेच पुष्कळसे निर्मळ राहिले. १९७८-७९ च्या सुमारास मध्यप्रदेश, राजस्थान आणि उत्तरप्रदेश या तीन राज्यांतील सुमारे चारशे किलोमीटर लांबीचा तिचा प्रवाह अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आला.

हे अभयारण्य मुख्यतः सुसरीसाठी आहे. सुसर आणि मगर यांत आपण गल्लत करतो. मगरीचा जबडा रुंद असतो, तर सुसरीचा लांब, चिंचोळा आणि शंभरांहून अधिक बारीक दातांचा. पाण्यात आडवा फिरवून मासे पकडण्यासाठीच तो घडलेला आहे. थोराड नराच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा गोळा वाढतो. त्यावरूनच हिंदीत तिला घडियाल हे नाव पडले. पाण्यात ही चपळ असली, तरी जमिनीवर मोठ्या सुसरीला पायांवर अंग उचलून चालता येत नाही. ती पोटावर घसटतच सरकते. म्हणून तिला पाण्यालगतचा वाळूचा उतार हवा. उंच, खडकाळ काठ तिच्या उपयोगाचा नाही.

वाळूचे महत्त्व येवढ्यावरच संपत नाही. हिवाळ्यात पाणी गार असते, तेव्हा सुसरी वाळूवर ऊन खात तासन्‌तास पडून राहतात. मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत मादी वाळूत खोल खळगा करून त्यात तीस-चाळीस अंडी घालते आणि ती झाकून टाकते. उबवण्याचे काम वाळूची ऊब करते. पिलू नर निघणार की मादी हेदेखील त्या उबेवरच ठरते. जूनच्या सुमारास आतून पिलांचे आवाज येऊ लागले म्हणजे मादी वाळू उकरून त्यांना बाहेर काढते. कित्येक माद्यांची पिले एकत्र जमतात आणि एखादा मोठा नर त्यांची राखण करतो. त्यानंतर लवकरच पावसाळा येतो. पहिल्या पुरात यांतील बहुसंख्य पिले वाहून जातात. म्हणून मुरैन्याजवळ देवरी येथील केंद्रात काही अंडी आणून उबवतात आणि पिले मीटरभराहून मोठी झाली म्हणजे त्यांना नदीत सोडतात.

या वाळूचा लाभ एकट्या सुसरीलाच होतो असे नाही. खालची चोच वरच्या चोचीहून लांब असलेला आणि पाणी चिरीत उडणारा पाणचिरा हा पक्षी उघड्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. दुर्मिळ जातीची कासवेही तेथेच अंडी पुरतात. खोल डोहांत गंगेतील डॉल्फिन राहते.

१९७० नंतरच्या दशकात सुसर जवळजवळ संपुष्टात आली होती. १९७५ साली सरकारने मगर-संवर्धनाची योजना हाती घेतली. आज जगातील बहुसंख्य सुसरी एकट्या चंबळेत आहेत. अलीकडच्या गणनांत त्या दोन हजारांच्या वर भरल्या. पण एकाच नदीवर सारी भिस्त ठेवणे किती धोक्याचे आहे, हे २००७-०८ च्या हिवाळ्यात दिसून आले. त्या वेळी शंभराहून अधिक सुसरी मूत्रपिंडे निकामी होऊन मेल्या.

आणि रोजचा धोका आहे तो वाळूच्या उपशाचा. अभयारण्यात उपशाला मनाई असूनही तो चोरून चालतो. ट्रॅक्टरच्या चाकांखाली अंडी चिरडतात, बेटे नाहीशी होतात आणि काठ तुटून उभे राहतात. त्यातच वरच्या भागात गांधीसागर, राणाप्रताप सागर, जवाहर सागर आणि कोट्याचा बंधारा पाणी अडवतात. उन्हाळ्यात प्रवाह रोडावला म्हणजे बेट काठाला जुळते आणि कुत्री, कोल्ही थेट अंड्यांपर्यंत पोचतात.

कोणी म्हणेल, घरे बांधावयास वाळू तर लागणारच. हे खरे आहे. बेहडांतील गरिबाला त्या कामाची मजुरी मिळते, हेही खरे आहे. परंतु घराला दगडाची चुरी चालते. सुसरीच्या अंड्यांना वाळूवाचून दुसरा आसरा नाही. तेव्हा घर बांधताना वाळू कोठून आली एवढा प्रश्न गवंड्याला आणि ठेकेदाराला प्रत्येकाने अवश्य विचारावा.

नदी पाहावयास जाणे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मुरैना आणि धौलपूर यांच्या दरम्यान महामार्गाच्या पुलाशी राजघाट आहे. दुर्बीण बरोबर घ्यावी, भडक वस्त्रे टाळावीत आणि बोलणे हळू ठेवावे. वाळूच्या बेटांवर पाऊल मात्र ठेवू नये. दुरून ओंडक्यासारखे जे दिसेल, त्याने डोळा उघडेपर्यंत धीर धरावा.