जुना डोझर, नवा दट्ट्या

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा चेनचा ट्रॅक्टर आजही बांध सपाट करताना दिसतो. त्याचा पार्ट कंपनीच्या कॅटलॉगमधून कधीच गेलेला असतो. मग हायड्रोलिक सिलिंडर गळायला लागला की मालक काय करतो? जुना सिलिंडर खोलतो, टेम्पोत टाकतो आणि लेथवाल्याचं शटर गाठतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा कल्याणच्या पुढचा पट्टा अशा शटरांचा. नमुना द्या, तसाच जॉब करून घेऊन जा. त्या तेलकट जगातल्या या काही गमती.

एकाच युद्धाची दोन अपत्यं

उल्हासनगर मूळचं कल्याण कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या बराकी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गावाला नवं नाव मिळालं. कॅम्प एक ते पाच हे पत्ते मात्र अजून तसेच. इथल्या मालावर म्हणे ‘मेड इन यूएसए’ असा शिक्का असायचा, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! लोक हे हसत सांगतात. मला त्यात रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांची जिद्द दिसते.

त्याच युद्धाने देशात दुसरी एक गोष्ट मागे ठेवली : अमेरिकन लष्कराचे चेनचे ट्रॅक्टर. ते घेऊन केंद्र सरकारच्या सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनने कांस गवत माजलेल्या पडीक जमिनी फोडायला घेतल्या. कांसाच्या मुळ्या इतक्या खोल जातात की बैलांच्या नांगराला दाद देत नाहीत. सप्टेंबर 1949 मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी 1 कोटी डॉलर कर्ज दिलं, ते मुख्यतः या कांसावर चाल करून जाण्यासाठी. उल्हासनगरचं बारसं आणि हे कर्ज, दोन्ही एकाच वर्षातलं.

सुरवंट ते रणगाडा

कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळच्या मऊ मातीत चाकं रुतायची, म्हणून बेंजामिन होल्टने 24 नोव्हेंबर 1904 रोजी चाकांऐवजी पट्टे लावून यंत्र चालवून पाहिलं. ते सुरवंटासारखं सरपटतंय असं एका फोटोग्राफरने म्हटलं आणि ‘कॅटरपिलर’ हे नाव चिकटलं. पहिल्या महायुद्धात तोफा ओढणारे होल्टचे ट्रॅक्टर पाहूनच ब्रिटिशांना रणगाड्याची कल्पना सुचली. आता आपल्या पट्ट्यात या : अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी 1953 ची. आज ती आर्मर्ड व्हेइकल्स निगम या रणगाडे बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा भाग आहे. ट्रॅक्टरातून रणगाडा निघाला, आणि शेकडो वर्षांच्या शिवमंदिराचं अंबरनाथ त्या घराण्याशी असं जोडलं गेलं.

अकरा टन, तेही तेलाच्या जोरावर

100 मिलिमीटर बोअरचा सिलिंडर घ्या. दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण 78 चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 140 किलो असेल, तर गुणाकार येतो जवळपास 11 टन! डोझरचं ब्लेड रुतलेला धोंडा उपटतं ते याच गुणाकाराने. हे तत्त्व पास्कलचं, सतराव्या शतकातलं. त्यावर चालणारा प्रेस जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये पेटंट केला. पण प्रेस दाबाखाली गळायचा. ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्सलेने दाब वाढेल तशी आणखी घट्ट बसणारी चामड्याची कॉलर बसवली, तेव्हा कुठे तेलपाण्याच्या ताकदीचं यंत्र खरं कामाला आलं. एवढ्या लोखंडी कारभाराचं नशीब चामड्याच्या कड्यावर अवलंबून होतं.

चामड्याची हीच युक्ती आपल्या हापशातही होती. सोलापूर पंपावरून पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा देशभरचा हातपंप घडला, त्याच्या दट्ट्यालाही चामड्याचे वॉशर असायचे. पुढे हापशातही नायट्राइल रबर आलं आणि हायड्रोलिकमध्येही. ओ-रिंगचं, म्हणजे सीलच्या गोल रबरी कड्याचं, अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टेन्सेनच्या नावावर आहे, 1939 चं. युद्धात अमेरिकन सरकारने ते हक्क 75,000 डॉलर देऊन विकत घेतले. आज जुन्या मापाचं सील मिळालं नाही तरी अडत नाही. पॉलियुरेथेनच्या नळीतून सीएनसीवर काही मिनिटांत हवं ते सील कातून मिळतं.

सूत, थाऊ आणि केस

लेथवर बोललेलं मराठी ऐकण्यासारखं असतं. ‘दोन सूत कमी कर’ म्हणजे पाव इंच. ‘एक थाऊ ठेव’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 25 मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा, म्हणजे टर्नर केसाच्या तिसऱ्या हिश्श्याची भाषा तोंडी बोलत असतो. सिलिंडरच्या रॉडवरचा हार्ड क्रोमचा थरही बऱ्याचदा एक थाऊच्या आसपास असतो. पावसाळ्यात उघड्या रॉडवर गंज धरला की क्रोमला खड्डे पडतात आणि प्रत्येक फेरीला ते खड्डे सील कुरतडतात. नुसती सील किट बदलून महिनाभरात पुन्हा गळती लागते, ती यामुळे. खरा इलाज लांबचा : जुना क्रोम काढा, रॉड ग्राइंड करा, पुन्हा क्रोम चढवा, पुन्हा ग्राइंड करा. आतून बोअरला होनिंग करून तिरक्या रेघांची जाळी उठवायची, तिच्यात तेल धरून राहतं. बोअर आरशासारखा गुळगुळीत केला की काम फत्ते, असं वाटतं खरं. पण सीलला तेलाचा पातळ थर मिळाला नाही तर ते कोरडं घासून जळतं.

आटे फसवतात

माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात मजेदार डाव आट्यांचा. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन 55 अंश, अमेरिकन आट्याचा 60. अर्ध्या इंचाच्या पाइप आट्यात दोघांचेही इंचाला 14 आटे. पाऊण इंचातही 14! त्यामुळे अमेरिकन डोझरच्या व्हॉल्व्हमध्ये बाजारातलं ब्रिटिश मापाचं निपल दोन-चार फेऱ्या गुमान आत जातं. ‘बसलं!’ म्हणून टेफ्लॉन टेप गुंडाळली जाते. दाब चढला की तेलाची धार लागते आणि कधी कधी आटाच उडतो. मुरलेला फिटर आधी थ्रेड गेज लावून उजेडाकडे धरतो. कोन जुळला नाही तर गेज आणि आट्याच्या मध्ये उजेडाची बारीक रेघ दिसते. त्या रेघेने हजारोंचं नुकसान टळतं.

पोकलेन कुठलं गाव?

आपण प्रत्येक एक्स्कॅव्हेटरला पोकलेन म्हणतो. पोक्लेन ही फ्रेंच कंपनी. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज माणसाची आद्याक्षरं. नवं यंत्र मात्र आपल्याकडेही घडलं : बीईएमएल ही सरकारी कंपनी 1964 ची, तिने जपानच्या कोमात्सूच्या साथीने डोझर बनवले. त्या पिढीचे पिवळे डोझर आज म्हातारे झाले आहेत. पिवळा हा रंगही मुळातला नव्हे बरं! कॅटरपिलर 1931 पर्यंत राखाडी रंगात यायची.

हात लावू नका

ही गंमत नाही. होजला सुईएवढं भोक पडलं तर दाबाखालची धार कातडी भेदून तेल आत घालते. जखम किरकोळ दिसते, पण बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. गळती शोधायला हात नव्हे, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. धार लागलीच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

तुमच्या गावात, शेतात किंवा क्रशरवर असा एखादा जुना चेनवाला उभा असेल, तर यंदा पावसाआधी ब्लेड जमिनीवर टेकवा आणि उघड्या रॉडला ग्रीस लावा. आणि सिलिंडर कधी खोललाच, तर झिजलेला दट्ट्या, फाटलेलं सील, वाकडा रॉड, तुटलेला ग्लँड, काहीही भंगारात देऊ नका. लेथवाल्याकडे त्या पार्टचं ड्रॉइंग नसतं. तुमच्या हातातला तुकडा मोजूनच तो नवा घडवतो.