मनगटाला कळणारी वेळ

नाशिकच्या रामकुंडावर पर्वणीची गर्दी उसळली, की बोलणारे घड्याळ कानाशी धरूनही दृष्टिहीन माणसाला वेळ ऐकू येत नाही. वर्गात किंवा बैठकीत तेच घड्याळ बोलले, की सगळे वळून पाहतात. ब्रेल घड्याळ गप्प असते. पण त्याचे काटे बोटांनी चाचपावे लागतात. दीर्घकाळच्या मधुमेहाने दृष्टी गेलेल्या काहींच्या बोटांची संवेदनाही मंदावलेली असते आणि इन्सुलिनची वेळ तर चुकवून चालत नाही.

अशांना स्मार्टवॉचमधील थरथर उपयोगी पडते. ॲपल वॉचमध्ये ‘टॅप्टिक टाइम’ ही सोय आहे. ती सुरू करून तबकडीवर दोन बोटे क्षणभर टेकवली, की मनगटावर ठोके जाणवतात. लांब ठोका दहाचा, छोटा एकाचा. आधी तास, मग मिनिटे. १२ वाजून ३४ मिनिटे म्हणजे एक लांब, दोन छोटे. मग तीन लांब, चार छोटे. दोन-चार दिवसांत सवय होते.

हे घड्याळ महाग आहे आणि स्वस्त घड्याळांत बहुधा पडदा वाचून दाखवण्याचीही सोय नसते. म्हणून घरच्या ज्येष्ठांसाठी घड्याळ घेताना ‘ॲक्सेसिबिलिटी’चा विभाग दुकानातच उघडून पाहा. ज्याच्या मनगटावर ते बसणार, त्यालाही सोबत न्या. ठोके त्याला जाणवायला हवेत.